चेंडू न पाहणारा मामा

पहिल्यांदा नापास झाली तेव्हा भाचीला वाटलं, आपण पास झालो. निरीक्षकबाईंनी हातात दिलेल्या कागदावर एकच ओळ होती: ‘चेंडूवर उत्तम लक्ष.’ घडी पडू नये म्हणून तिनं तो कागद दोन्ही हातांत धरून घरी आणला आणि मामाच्या पुढ्यात ठेवला. मामानं वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि असा खो खो हसत सुटला की आई ओले हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“अगं वेडाबाई, ही शिवी आहे,” मामा म्हणाला. “बास्केटबॉलच्या पंचाला बाई याहून मोठी शिवी देत नाहीत.”

हा मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. लग्नाच्या भानगडीत पडला नाही, जिन्यासमोरच्या एका खोलीत राहायचा आणि जेवायला बहिणीकडे यायचा. आठवड्याचे सहा दिवस उंच इमारतींच्या गच्चीवरच्या मोटारीच्या खोल्यांत ग्रीसनं माखून घ्यायचा आणि रविवारी करडा शर्ट, काळी पँट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून बास्केटबॉलच्या हॉलमध्ये पंच म्हणून उभा राहायचा. अशी सव्वीस वर्षं त्यानं काढली. एवढ्या वर्षांत प्रेक्षकांनी त्याला एकच पदवी बहाल केली होती, ती म्हणजे आंधळा. “अरे आंधळ्या, चेंडू तिकडे आहे!” असं कुणीतरी वरच्या बाकावरून ओरडलं नाही असा एक सामना झाला नसेल. आणि ओरडणारे खोटं बोलत नव्हते. चेंडू डावीकडे असायचा आणि मामाचं तोंड खुशाल उजवीकडे.

तुम्ही म्हणाल, ज्या खेळाच्या नावातच बॉल आहे त्यात पंचानं बॉल बघायचा नाही, हा कुठला न्याय? भाचीनंही तेच विचारलं. त्यावर मामानं जेवता जेवता तिची उलटतपासणी घेतली.

“चेंडूला हात आहेत का?”

“नाही.”

“तो कुणाला कोपर मारतो? कुणाचा शर्ट ओढतो? कुणाच्या पायात पाय घालतो?”

“नाही रे मामा.”

“मग चोरी करणार माणसं आणि पहारा ठेवायचा चेंडूवर? मैदानात दहा जणी असतात. चेंडू एकीकडे. उरलेल्या नऊ जणी त्या वेळी काय करतात ते कोण बघणार, तुझा बाप?”

“माझ्या बापाला मध्ये आणू नकोस,” आई म्हणाली. तिच्या बापाचा इथे काही संबंध नव्हता, पण भावाला टोकायची संधी ती सोडत नसे.

मामानं मग ताटाभोवती तीन वाट्या मांडल्या. पंच तीन. मैदानाचे तीन तुकडे. ज्याच्या तुकड्यात चेंडू नसेल त्यानं तिकडे ढुंकूनही बघायचं नाही, आपल्या तुकड्यातली माणसं सांभाळायची. आणि चेंडू आपल्या तुकड्यात आला तरी चेंडूवालीला बघायचं नाही. तिला अडवणारीला बघायचं.

“का?”

“चेंडूवालीला सगळं जग बघतंय. अडवणारीला कुणी वाली नाही. ती नियमात उभी आहे की नाही हे एकदा दिसलं, की टक्कर कुणाच्या नावावर लिहायची ते आपोआप कळतं.”

कळलं सगळं. वळलं मात्र काही नाही. भाची स्वतः आठ वर्षं खेळलेली, चेंडूच्या मागे धावून धावून वाढलेली. दिवसभर औषधाच्या दुकानात उभं राहून डॉक्टरांची अक्षरं लावायची आणि संध्याकाळी हॉलमधून चेंडूचा आवाज आला की हिचे पाय आपसूक तिकडे वळायचे. वयानं आता खेळता येत नव्हतं, आणि त्या मैदानावर उभं राहायचा एकच रस्ता उरला होता, तो पंचाच्या परवान्याचा. दुसऱ्या परीक्षेला कागदावर आलं, ‘चेंडूवरचं लक्ष आणखी सुधारलं आहे.’ या वेळी मामा हसला नाही. पंचांच्या संघटनेचा नियम होता, तीन वेळा नापास झालेल्याला चौथ्यांदा बसू देत नाहीत. त्याच वर्षी मामा साठ वर्षांचा झाला आणि नियमाप्रमाणे त्यानं आपली शिट्टी टेबलावर ठेवली. त्याची जागा रिकामी होती आणि भाचीच्या हातात फक्त एक परीक्षा उरली होती.

तेव्हापासून घरात शिकवणी सुरू झाली. टीव्हीवर सामना लावायचा, आवाज बंद करायचा आणि दर बास्केटनंतर मामा विचारायचा, “कुणी टाकला?”

“सात नंबरनं. डाव्या हातानं. बोर्डाला लागून,” भाची छाती फुगवून सांगायची.

“नापास,” मामा म्हणायचा.

तीन महिने हेच. आईला तर वेड लागायची पाळी आली. “लोकांच्या घरी मुलांना उत्तर आलं नाही म्हणून रागवतात, आमच्याकडे आलं म्हणून,” ती शेजारणीला सांगायची. मग एका संध्याकाळी मामानं विचारलं, “कुणी टाकला?” आणि भाची पडद्याच्या दुसऱ्याच कोपऱ्याकडे बघत म्हणाली, “ठाऊक नाही. पण ती अकरा नंबर मघापासून हिचा शर्ट मुठीत धरून आहे.” मामानं आपल्या हातातला चहाचा कप, एक घोटही न घेतलेला, तिच्या हातात दिला.

त्यानंतरच्या रविवारी ती सरावाच्या सामन्याला हॉलमध्ये उभी राहिली आणि तिनं पहिल्यांदाच डोळे चेंडूवरून सोडवले. सोडवले म्हणजे अक्षरशः सोडवले, चिकटलेली पट्टी काढावी तसे. आणि मग तिला जे दिसलं त्यानं ती थक्क होऊन शिट्टी तोंडात धरून तशीच उभी राहिली. रिंगखाली दोन धिप्पाड बायका एकमेकींना कमरेनं रेटत होत्या, जीव खाऊन, आणि त्यातली एक दुसरीला हळूच विचारत होती, “गुडघा बरा आहे ना गं?” एक बुटकी पोरगी अख्खं मैदान पळून पळून पालथं घालत होती. तिच्याकडे चेंडू एकदाही आला नाही आणि येणारही नव्हता. ती पळत होती ती फक्त दुसरीला दोन पावलं मोकळी मिळावीत म्हणून. तिला ना कुणी टाळी दिली, ना कुणी शाबास म्हटलं. आठ वर्षं भाची हा खेळ खेळली होती आणि हा खेळ तिनं कधी पाहिलाच नव्हता.

“हे सगळं रोज असंच होतं?” घरी येताना तिनं मामाला विचारलं.

“रोज.”

“आणि कुणीच बघत नाही?”

“म्हणून तर आपल्याला ठेवलंय,” मामा म्हणाला आणि रस्ता ओलांडण्यासाठी तिचा हात धरला, जसा ती पाच वर्षांची असताना धरायचा.

परीक्षेच्या आदल्या रविवारी मामाला एका दहा मजली इमारतीतून फोन आला, लिफ्ट आठव्यावर अडकते म्हणून. भाचीला तो बरोबर घेऊन गेला. वर मोटारीच्या खोलीत ग्रीसचा आणि तापलेल्या तारांचा वास होता. मामानं दोरांवरून हात फिरवला, ब्रेकचा एक पेच आवळला, आणि पेच आवळता आवळता, तिच्याकडे न बघता, विचारलं, “बाई लंगडतात ते तू पाहिलंयस ना?”

पाहिलं होतं. निरीक्षकबाईंचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नसे, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

“ते माझं काम आहे,” मामा म्हणाला.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बाई तेव्हा खेळायच्या आणि अशा खेळायच्या की विरुद्ध संघाचे लोकही तिकीट काढून यायचे. अंतिम सामना, शेवटचं मिनिट. बाईंनी लांबून चेंडू टाकला आणि तो असा काही वर चढला की मामाची मान त्याच्याबरोबर वर गेली. बस, तेवढंच. मान खाली आली तेव्हा बाई जमिनीवर होत्या आणि त्यांचा पाय भलतीकडे वळलेला होता. त्या हवेतून खाली उतरताना अडवणारीचा पाय त्यांच्या पायाखाली आला होता. मुद्दाम आला की चुकून, वेळेत काढता आला असता की नसता, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. ज्याला ते बघायला उभं केलं होतं तो वर बघत होता.

“सगळे विचारायला लागले, फाउल का? मी म्हटलं, मला दिसलं नाही. खरं तेच सांगितलं. सामना तिथेच संपला, आणि बाईंचा खेळही.” मामानं हात पुसले. “दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. म्हटलं, जोड्यानं मारतील. तर त्यांनी एवढंच विचारलं, बॉल आत गेला का? पडल्या होत्या ना, त्यांना दिसलाच नव्हता.”

“मग?”

“मग सांगितलं. कसा चढला, कुठे वळला, रिंगला न लागता कसा गेला, जाळी कशी एकदाच हलली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की मला हे इतकं नीट सांगता येतंय हाच माझा गुन्हा आहे.”

त्या दिवसानंतर मामानं एकही चेंडू रिंगमध्ये जाताना पाहिलेला नव्हता. एकोणीस वर्षं. भाचीला त्या ग्रीसनं माखलेल्या माणसाकडे बघताना एकदम भरून आलं. तिनं आजवर त्याला प्रेमानं मामा म्हटलं होतं, गमतीनं आंधळा म्हटलं होतं, आणि माणूस किती मोठा आहे ते मात्र आत्ता कळत होतं. लिफ्ट सुरू झाली. खाली येताना लिफ्टमधले सगळे जण दारावरचे आकडे बघत होते. मामा खाली, दार आणि मजल्यामधल्या फटीकडे बघत होता.

परीक्षेचा सामना लीगचा अंतिम सामना होता, दुपारी चारचा. निरीक्षकबाई मैदानाच्या टोकाच्या रेषेमागे साध्या खुर्चीवर बसल्या, एक पाय पुढे ताठ करून. मांडीवर मैदानाचा नकाशा छापलेला कागद. सामन्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. उमेदवाराची नजर जिथे जाईल तिथे त्या नकाशावर टिंब काढायच्या. हॉलमध्ये दोन हजार माणसं आणि त्यांतल्या दोन डोळ्यांना फक्त भाचीचे डोळे दिसत होते. मामा वरच्या बाकांवर प्रेक्षकांत बसला होता, आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून. त्याच्या मागच्या माणसानं दहाव्या मिनिटालाच आरोळी ठोकली, “अगं आंधळे, चेंडू तिकडे आहे!” मामानं मागे वळून त्या माणसाशी हस्तांदोलन केलं.

सामना असा रंगला की काही विचारू नका. शेवटची सात सेकंद उरली तेव्हा पांढरा संघ दोन गुणांनी पुढे होता आणि चेंडू निळ्यांकडे. निळ्यांची जी सगळ्यात भारी नेमबाज, लांब वेणीची, ती पळत पळत नेमकी भाचीच्याच तुकड्यात आली. तिला अडवायला पांढऱ्यांची चार नंबर. हॉल उभा राहिला. वेणीवालीनं तीन गुणांच्या रेषेबाहेरून उडी घेतली आणि चेंडू सोडला.

भाचीच्या मानेला कुणीतरी दोरी बांधून वर ओढावं असं झालं. दोन हजार चेहरे वर वळलेले तिला डोळ्यांच्या कडांनी दिसत होते. वर काहीतरी अपूर्व घडत होतं, हे त्या शांततेवरूनच कळत होतं. आठ वर्षांची सवय तिच्या मानेत बसली होती, आणि ती सवय म्हणत होती, एकदाच. एकदाच बघ.

तिनं चार नंबरच्या पायांकडे बघितलं.

चार नंबर भरधाव आली होती. हात वर, शरीर पुढे, थांबायला जागा नाही. तिचा डावा पाय वेणीवाली जिथे उतरणार होती बरोबर तिथे पडायला निघाला होता. आणि वेणीवालीचे डोळे आपल्या चेंडूवर होते, खाली नव्हते. भाचीनं शिट्टी दातांत आवळली. तेवढ्यात चार नंबरनं, हवेतल्या हवेत, तो पाय पोटाशी ओढून घेतला. पाय काढून घेतला म्हणजे उभं राहायला काही उरलं नाही. ती धाडकन पाठीवर आपटली, कोपर घासत गेलं. आणि तिनं मोकळ्या केलेल्या वीतभर जागेत वेणीवाली अलगद, दोन्ही पायांवर उतरली.

भाचीनं शिट्टी वाजवली नाही. वाजवण्यासारखं काही झालंच नव्हतं. जे झालं होतं त्यासाठी शिट्टीत आवाजच नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तशाच डोळ्यांनी ती दोघींचे पाय बघत राहिली.

मग हॉल कोसळला. दुसऱ्या पंचानं, म्हणजे एका शाळेतल्या पीटीच्या सरांनी, तीन बोटं वर करून खाली आणली. निळे एका गुणानं जिंकले होते. माणसं बाकांवरून उड्या मारत होती आणि पांढऱ्यांचा प्रशिक्षक चार नंबरवर ओरडत होता, “ऐन वेळी पडलीस कशी? नुसतं उभं राहायचं होतं!” ती टॉवेल डोक्यावर घेऊन बाकावर बसली.

हॉल रिकामा होईपर्यंत निरीक्षकबाई खुर्चीवरून हलल्या नाहीत. मग त्यांनी भाचीला जवळ बोलावलं.

“शेवटचा चेंडू कसा गेला?”

“ठाऊक नाही, बाई.”

“मग काय पाहिलंस?”

भाचीनं सांगितलं. पाय कुठे पडणार होता, कसा ओढून घेतला, ती कशी आपटली. बाई ऐकत होत्या आणि त्यांचा हात नकळत आपल्या ताठ गुडघ्यावर गेला होता.

“काढून घेतला?” त्यांनी विचारलं. “नक्की?”

“माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

“काढला,” मागून आवाज आला. मामा बाकांवरून उतरून आला होता. “वरून मलाही दिसलं.”

बाई एकोणीस वर्षांत मामाशी कामापुरतंच बोलल्या होत्या. आत्ता त्या उठल्या, पाय ओढत पलीकडच्या बाकापर्यंत गेल्या आणि टॉवेल घेऊन बसलेल्या चार नंबरच्या शेजारी बसल्या. काय बोलल्या ते इकडे ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं त्या पोरीनं टॉवेल खाली घेतला. बाई परत आल्या, नकाशाच्या खाली एक ओळ लिहिली, सही केली आणि कागद भाचीच्या हातात ठेवला. ‘चेंडूकडे अजिबात लक्ष नाही. परवाना द्यावा.’

भाचीला हसू आणि रडू एकदमच आलं. मामानं तिच्या पाठीवर थाप मारली आणि मग ती त्याच्याकडे वळून म्हणाली, “मामा, तू तर आज प्रेक्षक होतास. तू पाहिलास ना चेंडू? कसा गेला रे?”

मामा चाचरला. “मी… अगं, सव्वीस वर्षांची खोड. मी पायच बघत बसलो.”

दोघांनी बाईंकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघता?” बाई म्हणाल्या. “मी हिचे डोळे बघत होते.”

हॉल झाडणारे काका तोपर्यंत लांब दांड्याचं पोतेरं घेऊन मैदानात उतरले होते. हे तिघं त्यांच्याकडे गेले आणि मामानं लाजत लाजत विचारलं, शेवटचा चेंडू कसा गेला ते जरा सांगता का म्हणून. काकांनी तिघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“दोन हजार माणसांनी पाहिला, मी बादली भरता भरता पाहिला, आणि तुम्ही तिघं इथेच होतात ना? झोपला होतात काय?”

“सांगा ना काका,” भाची म्हणाली.

माणूस हौशी होता. त्यानं पोतेरं भिंतीला लावलं, रेषेबाहेर जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले. “इथून सोडला. असा गेला वर, वर, दिव्यांच्याही वर. मला वाटलं छतालाच लागतोय. तिथं वर जरा थांबलाच म्हणा ना. अख्ख्या हॉलचा श्वास थांबला.” तो चेंडूबरोबर चालत रिंगकडे निघाला आणि हे तिघं माना वर करून त्याच्या मागोमाग, रिकाम्या हवेकडे आ वासून बघत. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. “आणि मग खाली. रिंगला शिवला नाही. जाळी फक्त एकदा, अशी, फस्स. काय सांगू तुम्हाला, पंचवीस वर्षं हा हॉल झाडतोय, असा चेंडू पाहिला नाही. आणि मजा म्हणजे, इकडे ती पांढऱ्यांची पोरगी, वेंधळी कुठली, स्वतःच्याच पायात अडखळून…”

बाईंनी डोळे न उघडताच हात वर केला.

“तेवढं सोडून सांगा,” त्या म्हणाल्या. “ते या दोघांनी पाहिलंय.”